मगनआबाची हजेरी

चाळीसगावात रेल्वेच्या रुळांपलीकडे एक लहानसं चर्च आहे. तिथली घंटा चिंधा वाजवतो. घंटा झाली की मंडळीतले लोक प्रार्थनेला निघतात, समोरचा पानटपरीवाला मनगटावरचं घड्याळ बघून घेतो, आणि गेल्या वर्षापर्यंत चर्चच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत चिंधाचा नव्वदीला टेकलेला बाप खाटेवरून उठून उभा राहायचा. टोपी सारखी करायचा, हात मांड्यांना चिकटवायचा आणि समोरच्या रिकाम्या अंगणाला खणखणीत आवाजात सांगायचा, "मगन वल्द दगडू, हजर!"

एवढं झालं की खाली बसायचा आणि राहिलेला चहा प्यायचा.

नव्या माणसाला हसू यायचं. येऊ दे बापड्याला. माहीत नसलं की माणूस हसतोच. ज्यांना माहीत होतं ते त्या वेळी आपल्या चपलेकडे, मोबाईलकडे, कशाकडे तरी बघत राहायचे.

मगनआबा टाकणकार पारधी. जातं, पाटा, वरवंटा यांना टाकी लावायची, म्हणजे वापरून गुळगुळीत झालेला दगड छिन्नी-हातोडीनं पुन्हा खरखरीत करून द्यायचा, हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. पण इंग्रजांनी एक कायदा केला होता, आणि त्या कायद्यानं जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. माणसानं चोरी केली का, हे विचारायचंच नाही; कोणाच्या पोटी जन्मला तेवढं विचारायचं. मगनआबाचं बाळपण परमुलखात, तारेच्या कुंपणातल्या वस्तीत गेलं. सकाळ-संध्याकाळ रांगेत उभं राहायचं, जमादार नाव पुकारणार, आपण 'हजर' म्हणायचं. पुढे स्वराज्य आलं, कायदा गेला, तारही निघाली. म्हाताऱ्याच्या मनातली हजेरी मात्र कोणी काढली नाही, कारण ती काढायला हवी हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्यानं गिरणेकाठच्या एका गावात बिऱ्हाड केलं. तिथं हजेरी नव्हती. तरी हा रोज दिवेलागणीला पोलीसपाटलाच्या ओट्यापाशी जाऊन 'हजर' म्हणून यायचा. पाटील बिचारा भला माणूस. सुरुवातीला म्हणाला, "अरे मगन, आते कोनी इचारत नही." याचं चालूच. मग पाटीलही आतून "बरं, जाय" म्हणायला लागला. पाटील वारला, त्याचा पोरगा नाशिकला गेला, ओट्याच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालं, तरी मगनआबा त्या दुकानासमोर उभा राहून हजेरी देत राहिला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण ही खोड त्याची नव्हती, दुसऱ्यांनी लावून दिलेली होती, आणि हे तेवढं चिंधाला फार उशिरा कळलं.

खरं तर चिंधाला त्या 'हजर'चं इतकं काही वाटत नसे. कळायला लागल्यापासून ऐकलेलं. त्याला लागायचं ते वेगळंच. त्याच्या बापानं कधीही, कुठलंही तान्हं मूल हातात घेतलं नव्हतं. चिंधाला नाही, चिंधाच्या बहिणींना नाही, चिंधाचा मुलगा भूपेंद्र झाला तेव्हा त्यालाही नाही. कोणी मूल घेऊन पुढे आलं की मगनआबा दोन्ही हात पासोडीत घालायचा आणि तोंड फिरवायचा. बारशाला आलेली माणसं म्हणायची, म्हातारा कठोर आहे हो. चिंधाची आई कोकिळा समजूत घालायची, "त्यासले नको सांगू बापा. त्यासना हात दगडना शेतस." जत्रेत बाकीची पोरं बापाच्या खांद्यावर बसून पाळणा बघायची आणि आपण बापाच्या धोतराचा सोगा धरून मागून चालायचो, हे चिंधाला साठीतही काल घडल्यासारखं आठवायचं.

आता ती मोठी गोष्ट. दहा-बारा वर्षं झाली असतील.

मिक्सरनं टाकणकारांच्या पोटावर पाय दिलेला होता. तरी काळ्या मसाल्याला पाटाच लागतो असं मानणारी घरं खान्देशात होती, म्हणून चिंधाचं रडतखडत चाललं होतं. एका दुपारी तो "टाकीऽ लावा, पाट्याले-जात्याले टाकीऽ" ओरडत या चर्चच्या आवारात शिरला. पाळकसाहेबांच्या पत्नी मंदाबाई यांनी पाटा बाहेर काढून दिला आणि चिंधा लिंबाखाली बसला. ओसरीवर रत्नाकर शिरसाठ पाळक मंडळीतल्या पोरांना धर्मशिक्षण देत होते. इकडे टकटक, तिकडे शिकवणं, दोन्ही गुण्यागोविंदानं चाललेलं. इतक्यात पाळकांचं एक वाक्य चिंधाच्या कानावर पडलं. "माणूस जन्मतःच पापी असतो. त्यानं काही करायच्या आधीपासून."

चिंधाची टाकी थांबली.

त्यानं हातोडी पिशवीत टाकली, छिन्नी टाकली, डोक्याचं फडकं सोडून खांद्यावर घेतलं. अर्धा पाटा खरखरीत, अर्धा तसाच गुळगुळीत. तो फाटकाकडे चालायला लागला. मंदाबाई म्हणाल्या, "अहो, काम अर्धं राहिलंय. आणि पैसे?"

"नको माले पैसा."

पाळक ओसरीवरून खाली आले. "काय झालं भाऊ?"

चिंधा फाटकाशी थांबून वळला. "साहेब, तुम्हले कोनी सांगं आम्ही टाकणकार शेतस म्हनीसन? मी आठे काय चोरं? गंज ऐकी लिधं आम्ही हाई. जन्मना चोर, जन्मना चोर. पोरेस्नापुढे तरी नका बोलू."

पाळकांना आधी उमगेचना. उमगलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, मी तुमच्याबद्दल नव्हतो बोलत! सगळ्यांबद्दल बोलत होतो. आमचं शास्त्रच आहे तसं. पहिल्या माणसानं देवाचं ऐकलं नाही, आणि तेव्हापासून ते पाप प्रत्येकाच्या जन्माबरोबर येतं."

"प्रत्येकना म्हंजे?"

"सगळ्यांच्या."

चिंधानं हातातली पिशवी खाली ठेवली. "बठ्ठा?"

शिरसाठ पाळक मूळचे नगरकडचे, पण खान्देशात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "बठ्ठा."

"पाटील बी?"

"पाटीलही."

"फौजदार?"

"फौजदारही."

"आनि तुम्ही?"

"मी तर पहिला," पाळक म्हणाले.

चिंधा तिथंच मातीत बसला.

माणूस जन्मतः पापी, हे ऐकून भल्याभल्यांना राग येतो. आम्ही काय केलंय? तान्ह्या लेकराचं कसलं आलंय पाप? प्रश्न खोटा नाही, शिकलेली माणसं त्यावर शतकानुशतकं भांडत आली आहेत, खुशाल भांडू देत. पण चिंधाला ते वाक्य निराळ्या अंगानं येऊन भिडलं. जो डाग फक्त आपल्या माणसांवर आहे असं त्याला जन्मभर सांगितलं गेलं, तो सगळ्या जगावर होता. त्याला एक रांग दिसली, आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तीत पाटील, फौजदार, मामलेदार, शेठ, गोरा साहेब, सगळे टोप्या काढून उभे. त्यात कुठंतरी त्याचा बाप. कोणाच्या खाली नाही, कोणाच्या वर नाही. इतकी बरोबरी त्याला आजवर कोणी दिली नव्हती, ना कायद्यानं, ना गावानं. तो रडत होता आणि रडता रडता उरलेल्या अर्ध्या पाट्याला टाकी घालत होता. त्या पाट्याला पुढे कितीतरी दिवस पुन्हा टाकी लावावी लागली नाही, असं मंदाबाई सांगतात.

घरी गेल्यावर त्यानं पिशवीही खाली ठेवली नाही. "आबा, आपनच नही. बठ्ठा शेतस."

"काय शेतस?"

"जन्मना पापी. चाळीसगावना पाळकसाहेबनी सांगं. त्यासना धर्ममा तसंच शे."

मगनआबानं विडी विझवली. "पाटील बी?"

"पाटील बी."

"जमादार बी?"

"जमादार बी."

मग म्हातारा एकेकाला हुडकून काढायला लागला. वस्तीवरचा गोरा साहेब. त्याचा खानसामा. तलाठी. बाजारातला तो कापडवाला, जो यांना दुकानाची पायरी चढू द्यायचा नाही. निवडून आलेले आणि पडलेले. प्रत्येकाला चिंधा 'बी' म्हणत गेला. शेवटी आबानं डोळे बारीक केले. "आनि तो पाळक सोता?"

"तो म्हने, मी पहिला."

मगनआबा हसला. नुसतं ओठ हलवून नाही, खो खो हसला, ठसका लागून पाणी प्यावं लागलं. चिंधानं बापाला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पण हसू ओसरलं आणि म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग हजेरी कोन लेस? बठ्ठाच रांगमा उभा शेतस, तं नाव पुकारनारा कोन?"

दुसऱ्या दिवशी कामाला न जाता चिंधा तडक चाळीसगावला आला आणि बापाचा प्रश्न त्यानं पाळकांपुढे ठेवला. कुठली हजेरी, कसली तार, तेही सांगितलं.

पाळकाजवळ तयार उत्तरं पुष्कळ असतात. शिरसाठांजवळही होती. पण ते उठले, चर्चमध्ये गेले आणि गुडघ्यांवर बसले. चिंधा बाहेर पायरीवर थांबला. बऱ्याच वेळानं ते आले आणि त्याच्या शेजारी पायरीवरच बसले.

"चिंधाभाऊ, हजेरी घेणारा देव," ते म्हणाले. "पण त्यानं काय केलं सांगू? तो तारेच्या आत आला. त्याच्यावर एकही गुन्हा नव्हता, त्याला यायचं काही कारण नव्हतं. आपल्यासारखा माणूस झाला आणि आपल्या रांगेत येऊन उभा राहिला. आपलं नाव पुकारलं गेलं तेव्हा आपल्या आधी तोच म्हणाला, हजर. जी शिक्षा आपल्याला व्हायची ती त्यानं घेतली, मरेपर्यंत घेतली. त्या येशूला आम्ही तारणारा म्हणतो, ते एवढ्यासाठी."

रुळांवर धुळ्याची गाडी सुटायच्या बेतात होती. तिची शिट्टी झाली, गाडी गेली, तरी दोघं बसूनच होते. आपण तारणावर किती उपदेश केले त्याला मोजदाद नाही, पण ती गोष्ट एवढी मोठी आहे हे त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं, असं शिरसाठ पाळक पुढे मोकळ्या मनानं सांगत. आणि चिंधा? त्याला जमादार ठाऊक होते. हातातली काठी टाकून, टोपी काढून, पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या मधे येऊन उभा राहिलेला जमादार तो डोळ्यांसमोर आणायला बघत होता.

मगनआबानं मात्र ते साफ उडवून लावलं. "जमादार कधी रांगमा उभा ऱ्हास का? येडा शे तुना साहेब." पण त्या संध्याकाळी तो मोबाईलच्या दुकानासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा होता. कोणाची तरी वाट बघितल्यासारखा.

पुढे चिंधानं बाप्तिस्मा घेतला. गावात बोलायला काय, माणसं म्हणाली गहू-तेलासाठी बाटला. तो गहू आणि ते तेल चिंधा अजून शोधतोय. चर्चमध्ये तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. पहिल्याच रविवारी तो बाकावर बसला तशी शेजारच्या बेबाबाईंनी आपली पर्स उचलून दुसऱ्या अंगाला ठेवली. बेबाबाई वाईट नाहीत, निवृत्त नर्स, आजाऱ्याच्या उशाशी रात्र रात्र बसणाऱ्या. हात आपसूक गेला. चिंधाला ते दिसलं. तो पाळकांना म्हणाला, "साहेब, तुम्हनं खरं शे. बठ्ठाच शेतस. बेबाबाई बी." आणि हसला. पाळकांना हसता आलं नाही.

धंदा अगदीच बसला तेव्हा मंडळीनं त्याला आवारातली खोली दिली आणि झाडलोट, घंटा त्याच्याकडे सोपवली. म्हातारा बापही बरोबर आला. तो चर्चच्या आत कधी गेला नाही. पण घंटा कानावर आली आणि त्याला वाटलं, इथं पुकारतात. मोबाईलच्या दुकानासमोरची हजेरी घंटेवर आली, ती अशी.

गेल्या वर्षी भूपेंद्रला मुलगी झाली. भूपेंद्र धुळ्याला टायरच्या दुकानात कामाला. त्याची बायको दिपमाला सव्वा महिन्यानं बाळ घेऊन चाळीसगावला आली. मगनआबा तोवर पार थकला होता. घास तोंडाशी नेताना हात हलायचा, उठून उभं राहायला भिंत लागायची. फक्त घंटेला कसा कोण जाणे, भिंतीशिवाय उठायचा. आपला बाप आता फार दिवसांचा नाही, हे चिंधाला दिसत होतं. तो जायच्या आधी त्यानं एकदा, एकदाच, एखादं लेकरू हातात घ्यावं, एवढं त्याला हवं होतं. आपल्याला नाही घेतलं ते नाही. या पोरीला तरी घ्यावं.

दिपमाला धीट. कोणाला न विचारता तिनं बाळ सरळ म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं. मगनआबाचे हात चटकन पासोडीत गेले. बाळ मांडीवरून घसरायला लागलं, चिंधानं झेप घेऊन धरलं. दिपमालाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आबा, काय बिघाडं मनी पोरनी तुम्हनं?"

बाळ रडलं, निजलं, चुलीवरचा चहा उतू गेला. मग म्हातारा भिंतीकडे तोंड करून बोलायला लागला.

"मी दहा-अकरा सालना व्हतू. मायले पोऱ्या झाया. चुडामण. नवं लेकरू झायं का जमादारले दखाडनं पडे. मायले उठता येत नव्हतं. मंग मीच लई गऊ. दोन्ही हातवर, आसा." पासोडीखाली त्याचे हात हलले. "जमादारनी नाव इचारं. मी सांगं. तो कारकूनले म्हने, लिख, आखो एक चोर वाढना. बठ्ठा हसनात."

त्यानं पासोडी गळ्यापर्यंत ओढली. "मी बी हसनू."

तो चुडामण पुढे ऐन पंचविशीत, कोणाच्या कोंबड्या गेल्या म्हणून धरला गेला. कोंबड्या नंतर ओढ्यापलीकडे चरताना सापडल्या. चुडामणला सोडून दिलं, तो घरी आला आणि अंथरुणावरून परत उठलाच नाही. "मीच लई गयतू त्याले," मगनआबा म्हणाला. "मना हातवरच त्याले डाग लागना. हाऊ हात ज्या लेकरूले लागी, त्यानं तसंच व्हई."

सगळं आयुष्य चिंधा या हातांना दगडाचे समजत आला होता. आणि ते हात त्याला जपण्यासाठी लपले होते. जत्रेत, बारशात, तापात, प्रत्येक वेळी बाप त्याला स्वतःपासून वाचवत होता. माणसाच्या मनात एवढी माया असू शकते आणि ती अशी उलटी वाहू शकते, याचा त्याला अचंबा वाटला. तो खाटेपाशी खाली बसला.

"आबा, ऐक. डाग तुना हातमुये नही लागत. तो बठ्ठासले पहिलेपाइनच शे. चुडामणकाकाले तू उचलं त्याना आगोदरपाइन व्हता. माले तू उचलं नही, तरी माले व्हताच. जमादारले बी व्हता, त्याले ठाऊक नव्हतं एवढंच."

म्हाताऱ्यानं मान वळवली. बाळाकडे बघितलं. मुठी वळून निजलेली, तोंडाची हलकीशी चुळबुळ चाललेली. "हिले बी? एवढीशी पोरले?"

"हिले बी."

"मंग तो पुसनारा कोन?"

"तोच. जो रांगमा उभा ऱ्हायना तो," चिंधा म्हणाला. "ऐतवारले हिना बाप्तिस्मा शे. तू दाराशी बस फक्त."

रविवारी मगनआबा चर्चच्या पायरीवर येऊन बसला, पासोडी लपेटून. आत गाणी झाली, प्रार्थना झाली. भूपेंद्र आणि दिपमाला बाळाला घेऊन पुढे उभे राहिले. शिरसाठ पाळकांनी पाण्याच्या पात्रावरचं झाकण काढलं आणि नेहमीसारखं विचारलं, "या बाळाचं नाव काय?"

"थांबा!"

आवाज दारातून आला होता. सगळी मंडळी मागे वळली. मगनआबा उंबरठ्यावर उभा होता, एका हातात वहाणा, दुसरा हात चौकटीला. त्यानं वहाणा बाहेर ठेवल्या आणि आत पाऊल टाकलं. बाकांच्या मधल्या वाटेनं, एकेक बाक धरत, तो चालत पुढे आला. चिंधा आधाराला धावला, त्याला त्यानं मानेनंच नको म्हटलं. पाळकांसमोर येऊन तो उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून, जन्मभर जसा उभा राहिला तसाच.

"साहेब, हिनं नाव कोठे चढावशात?"

शिरसाठ पाळकांच्या हातात उपासनेचं पुस्तक होतं. ते त्यांनी मिटलं. "वर, आबा. देवना घर."

"काय म्हनीसन?"

"देवनी लेक म्हनीसन."

म्हातारा त्यांच्या डोळ्यांत बघत होता. "आनि तो हसाव नही?"

पाळकांनी पुस्तक बाजूला ठेवलं. "नही आबा," ते म्हणाले. "तो हसाव नही."

मगनआबानं पासोडी खांद्यावरून खाली टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. ऐंशी वर्षांत कोणत्याही लेकराला न लागलेले हात, टाकीनं घट्टे पडलेले, पालथ्या अंगाला शिरा उठलेल्या. दिपमालानं एकदा चिंधाकडे बघितलं आणि पोर त्या हातांवर ठेवली. हात हलत होते. मागच्या बाकावरून बेबाबाई उठल्या, पर्स कुठं पडली ते त्यांनी बघितलंही नाही, आणि म्हाताऱ्याच्या कोपरांखाली आपले दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या.

"नाव?" पाळकांनी हलकेच विचारलं.

"कोकिळा," मगनआबा म्हणाला. ते त्याच्या गेलेल्या बायकोचं नाव. मग पोरीकडे बघत त्यानं पुढे जोडलं, "आठेच शे." म्हणजे, इथंच आहे.

पाणी पोरीच्या कपाळावर पडलं, तिथून ओघळून म्हाताऱ्याच्या बोटांवर आलं. पोर रडली नाही. चर्चमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. चिंधाला आपण कुठं उभे आहोत याचं भान उरलं नव्हतं. हे सगळं फार मोठं होतं, आपल्या आवाक्यापलीकडचं, आणि ते इथं, रुळांपलीकडच्या या पत्र्याच्या छपराखाली, त्याच्या बापाच्या हातांवर घडत होतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली. चिंधानं दोर ओढला. घंटा वाजली, पुन्हा वाजली. त्याचा कान सवयीनं खोलीकडे लागला होता. तिकडून आवाज आला नाही.

त्यानं आणखी एकदा दोर ओढला. काही नाही.

दोर सोडून तो धावत सुटला, अंगणातली बादली लाथाडली, दार ढकललं. "आबा!"

मगनआबा खाटेवर बसला होता, भिंतीला पाठ लावून. कोकिळा त्याच्या दोन्ही हातांत होती.

"वरडू नको," म्हातारा दबक्या आवाजात खेकसला. "निजेल शे."

चिंधा धापा टाकत होता. "घंटा झायी, आबा. तू… तू उठना नही."

"ऐकी मी." मगनआबानं नजर पोरीवरून काढली नाही. "माले कोठे उठता येस आते? तो शे ना तठे, रांगमा उभा. तोच देई मनी हजेरी."

चिंधा खाटेपाशी खाली बसला. बाहेर मंडळी जमायला लागली होती, चपलांचे आवाज येत होते. म्हाताऱ्यानं पोरीला नीट एका हातावर घेतलं, दुसरा हात सावकाश मोकळा केला, आणि आपल्या साठीतल्या लेकाच्या डोक्यावर ठेवला.

हात जड होता. चिंधा हलला नाही.